नजर मोजा, मग झाड आणा

मे महिना सरत आला की रोपवाटिकांच्या दारात टेम्पो उभे राहतात आणि त्यांत उभ्या अशोकाची रोपं डझनाच्या हिशेबाने चढतात. घेणाऱ्याची तक्रार ठरलेली असते. शेजारचा बंगला पाडला, तिथे चार मजले उठले आणि आता ओट्यावर बसून शेंगा सोलायच्या म्हटलं तरी वरून कुणीतरी बघतंय असं वाटतं. तक्रार खोटी नाही. पूर्वी गावातल्या घराला परसदार असायचं, वाड्याला आतला चौक असायचा. बायकांनी केस वाळवावेत, आजीने उन्हात पाय पसरून बसावं, पोरांनी उघड्यावर अंघोळ करावी अशी जागा घराच्या पोटातच होती. आता अर्ध्या-पाऊण गुंठ्यावर रो-हाउस. पुढे १० फूट, मागे १० फूट, आणि तेवढ्यातच गाडीही उभी करायची.

म्हणून आडोसा हवा हे मान्य. माझं सांगणं एवढंच, की टेम्पो ठरवण्याआधी एक खुर्ची आणि एक लांब काठी घ्या.

खुर्ची तुम्ही रोज जिथे बसता तिथे ठेवा आणि बसा. ज्या खिडकीची किंवा बाल्कनीची अडचण वाटते तिच्याकडे बघा. मग घरातल्या कुणाला तरी काठी घेऊन, जिथे झाड लावायचा विचार आहे तिथे उभं करा. काठीचं टोक त्या बाल्कनीच्या कठड्याशी उभ्या माणसाच्या डोक्याशी जुळेपर्यंत वर न्यायला सांगा. टोक जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. तुमच्या झाडाला लागणारी उंची तेवढीच. बहुतेकांना हा आकडा बघून आश्चर्य वाटतं, कारण तो मनातल्या आकड्याच्या निम्मासुद्धा नसतो.

गणितच करायचं तर तेही अवघड नाही. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४ फुटांवर असतात. समोरच्या पहिल्या मजल्यावर उभ्या असलेल्याचे डोळे १६ फुटांच्या आसपास. दोघांमध्ये ३० फुटांचं अंतर आहे आणि तुमची कुंपणभिंत तुमच्यापासून १० फुटांवर आहे, असं धरा. त्या भिंतीशी नजरेची रेषा ८ फुटांवरून जाते. दुसऱ्या मजल्यासाठी ती साडेअकरा फुटांच्या आत असते. म्हणजे १२ फुटांचं झाड दोन्ही मजल्यांना पुरलं. तेच झाड भिंतीला चिकटवण्याऐवजी खुर्चीपासून ५ फुटांवर लावलं, तर पहिल्या मजल्यासाठी ६ फूट आणि दुसऱ्यासाठी ८ फूट उंची पुरते. कुंडीतलं झाडसुद्धा तेवढं वाढतं.

आणि पाचवा मजला? त्याच हिशेबाने भिंतीशी २१ फूट उंची लागेल. तिथवर झाड पोचेपर्यंत दहाएक वर्षं जातील आणि तोवर अंगणात ऊन शिल्लक राहणार नाही. इतक्या वरून येणाऱ्या नजरेसाठी बाजूच्या झाडाची वाट बघण्यापेक्षा डोक्यावर काहीतरी घेतलेलं बरं. चार खांब, वर जाळी किंवा बांबूच्या कामट्या आणि त्यावर चढवलेला वेल, असा ८ फुटी मांडव पाचव्या काय, पंधराव्या मजल्यालाही पुरा पडतो. हे साधं लक्षात न आल्यामुळे लोक चाळीस फुटी अशोकांची रांग उभी करतात आणि अंगणातलं ऊन घालवून बसतात.

मोजल्यावर दुसरी गोष्ट कळते. चारही बाजूंनी हिरवी भिंत नको असते. नेमकी एक खिडकी, फार तर एक खिडकी आणि एक जिना, एवढंच झाकायचं असतं. दोन किंवा तीन झाडं लागतात. बाकीच्या बाजूंनी वारा येऊ द्या, समोरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला हात करता येऊ द्या. फाटकापाशी तर दाट झाडी मुळीच नको. ती तुम्हाला जशी लपवते तशी चोरालाही लपवते.

आता जमिनीकडे वळा. छोट्या आवारात जमिनीखाली काय काय आहे याचा घरमालकालाच पत्ता नसतो. ड्रेनेजचे चेंबर कुठून कुठे जोडलेत, पाण्याची जमिनीतली टाकी कुठवर आहे, वीजमीटरची केबल कुठून आलीय, हे आधी शोधा. बिल्डरने दिलेला नकाशा असेल तर काढा, नसेल तर जुन्या प्लंबरला विचारा. चेंबरच्या जोडावर झाड लावलं की मुळं ओल शोधत सिमेंटच्या भेगेतून आत शिरतात आणि तीन-चार वर्षांनी संडास तुंबतो. वर बघायलाही विसरू नका. महावितरणची तार डोक्यावरून जात असेल तर तिथे उंच होणारं काहीही लावू नका; दरवर्षी पावसाळ्याआधी त्यांची माणसं येऊन शेंडा छाटतील आणि त्या छाटणीत सौंदर्यदृष्टी नसते.

काळ्या मातीवर घर असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायाजवळचं मोठं झाड उन्हाळ्यात तिथली उरलीसुरली ओल शोषून घेतं, माती आणखी आक्रसते, आणि उथळ पायाची कुंपणभिंत तडकते. भिंतीपासून २-३ फूट आणि घराच्या पायापासून निदान ६ फूट तरी झाड दूर असावं. तेवढी जागाच नसेल, म्हणजे भिंत आणि घर यांत ३-४ फुटांची पट्टीच असेल, तर झाडाचा नाद सोडा. तिथे भिंतीच्या आतून लोखंडी जाळी उभी करा आणि तिच्यावर वेल सोडा. मधुमालती दणकट आहे, भरभर चढते. लांब हिरव्या झिपऱ्या सोडणारा पडदावेल तर याच कामासाठी जन्माला आल्यासारखा वाढतो. कृष्णकमळही चालेल. जाई-जुई सुंदर, पण दाट व्हायला वेळ घेतात. अशा पट्टीत झाड लावून त्याला दर महिन्याला कापत बसण्यापेक्षा वेल कितीतरी शहाणा.

उन्हाची दिशा हा पुढचा मुद्दा, आणि याच मुद्द्यावर शेजाऱ्यांशी बिनसतं. पश्चिमेला आडोसा करायचा असेल तर दुहेरी फायदा आहे, एप्रिल-मेमधलं दुपारचं तिरपं ऊन भिंतीवर यायचं थांबतं. दक्षिणेला लावताना मात्र विचार करा. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरमधल्या भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या वर जात नाही. २० फुटांच्या झाडाची सावली तेव्हा १८ फूट लांब पडते, सकाळी-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. थंडीत ऊन खात बसायची जागा तुम्ही स्वतःच झाकून टाकता. आणि तुमच्या उत्तरेला ज्यांचं घर आहे त्यांच्या गच्चीवर सोलर असेल तर तुमच्या झाडांची सावली त्यांच्या वीजबिलात दिसते. २०२४ साली सूर्यघर योजना आल्यापासून गच्चीगच्चीवर पॅनेल दिसू लागलीत. पूर्वी या भांडणाला विषय नव्हता, आता आहे.

आता झाडांविषयी. लोक फोनवर परदेशी बागांचे फोटो घेऊन रोपवाटिकेत येतात. टोकदार, निळसर, घडीव सूचिपर्णी झाडं त्यांना हवी असतात. ती थंड हवेची लेकरं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती कुढत जगतात. त्यातल्या त्यात मोरपंखी पुणे, नाशिक, साताऱ्याकडे बरी तगते, पण तिला पूर्ण ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा हवा. सावलीच्या बाजूने ती आतून तपकिरी पडते, आणि एकदा जुन्या फांदीवरचा हिरवा भाग गेला की तिथे पुन्हा पालवी फुटत नाही. कात्री खोलवर गेली तर भगदाड कायमचं राहतं. कुंडीत गोंडस दिसणारं ‘ख्रिसमस ट्री’ जमिनीत मुळीच लावू नका. जुन्या बंगल्यांच्या आवारात सात-आठ मजली इमारतीच्या उंचीला गेलेली ती झाडं दिसतात. ती त्याच कुंडीतून आलेली असतात.

खरं तर आपल्याला सदाहरित झाडांची वाण नाही. बर्फ पडणाऱ्या देशांत बारमाही हिरवं झाड म्हणजे मोजकीच निवड. आपल्याकडे रानातच बारमाही हिरवी झाडं भरपूर आहेत.

उभ्या अशोकापासूनच सुरुवात करू, कारण त्याची निंदा करायची फॅशन झाली आहे. लाल-केशरी फुलांचा सीताअशोक वेगळा. हा फांद्या खाली सोडून खांबासारखा उभा राहणारा, मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या झाडाचा निवडक वाण. याला काही उपयोग नाही, पक्षी बसत नाहीत, असं सर्रास ऐकू येतं. पक्ष्यांबद्दल ते खरं नाही. याची काळी पिकलेली फळं कोकीळ आणि वटवाघळं आवडीने खातात (खाली गाडी उभी असेल तर सकाळी बिया आणि शिंतोडे पुसावे लागतात), आणि हिरव्या ठिपक्यांचं एक चपळ काळं फुलपाखरू याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतं. दोन-तीन फुटांच्या घेरात उंच जाणारं, मुळांचा फारसा त्रास नसलेलं दुसरं झाड सहजी मिळत नाही. दोष झाडाचा नाही, त्याच्या पलटणी उभ्या करण्याचा आहे. दोन रोपांत ४-५ फूट सोडा. हवी ती उंची आली की शेंडा खुडा, आणि हे काम झाड तरुण असतानाच सुरू करा. तीस फुटांवर गेल्यावर तोडलेल्या शेंड्यातून पाच-सहा लेचेपेचे शेंडे फुटतात आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यात तेच मोडून पत्र्यावर पडतात. विदर्भाच्या लूमध्ये याच्या पानांची टोकं करपतात. नागपूर-चंद्रपूरकडे पाण्याची हमी असेल तरच लावा. आवाज अडतो म्हणून रस्त्याकडेला याची रांग लावणाऱ्यांनी मात्र फार आशा ठेवू नये. एका रांगेने हॉर्न दिसेनासा होतो, ऐकू यायचा तसाच येतो.

कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी अशोक शोधत फिरावं याचं मला नवल वाटतं. तुमच्या परसात कोकम आहे! निमुळत्या शंकूसारखा आकार, खाली झुकलेल्या फांद्या, वर्षभर गर्द पान, अर्धवट सावलीतही वाढणारं, आणि वाढ इतकी संथ की दर वर्षी कात्री घेऊन मागे लागावं लागत नाही. यात एक बारकावा आहे तो रोप घेताना कामाला येतो. बियांपासून केलेली कोकमाची रोपं साधारण निम्मी नर निघतात, त्यांना रातांबे लागत नाहीत. म्हणून बागायतदार कलमं घेतात. पण आडव्या फांदीची काडी वापरून बांधलेलं कलम झुडपासारखं पसरत जातं, सरळ उंच होत नाही. आडोशासाठी तुम्हाला सरळ वाढ हवी असते. तेव्हा बियांपासूनची दोन रोपं आणि एक कलम अशी तीन झाडं लावा. बियांची झाडं सुळक्यासारखी वर जातील, त्यातलं एखादं नर निघालं तरी आडोशाला काही उणं येत नाही, आणि आगळ-सोलांपुरते रातांबे कलम देईल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली दिलेली ‘कोकण अमृता’ ही जात कलमासाठी चांगली.

त्याच विद्यापीठाची दालचिनीची ‘कोकण तेज’ ही जातही लहान आवाराला फार छान जमते. दालचिनी छाटणीला वैतागत नाही. सालीसाठी ती कापूनच वाढवतात, त्यामुळे १० फुटांवर रोखली तर उलट दाट होते. नवी पालवी गुलाबी-तांबूस येते, आणि छाटलेल्या पानांचा वास दिवसभर हाताला राहतो. सोनचाफ्याचं कलमही उभट वाढतं, वर फुलांचा हंगाम. फक्त त्याला पाणी साचलेलं चालत नाही, जांभ्याच्या उतारावर तो खूश असतो. अगदी समुद्राला लागून घर असेल तर खाऱ्या वाऱ्यात टिकणारी कोयनेल लावा. ती किनाऱ्याचीच आहे, आणि जुन्या पुण्यातल्या बंगल्यांची कुंपणंही तिचीच असत. ती सात-आठ फुटांपर्यंत हवी तशी कापता येते. सुरू लावू नका. किनाऱ्यावरच्या वाळूत ते झाड कामाचं, घराशेजारी धोक्याचं.

देशावर मला सगळ्यात भरवशाची वाटते ती कुंती, काही जण तिला कामिनी म्हणतात. ८-१० फुटांवर आपणहून थांबते, पान बारीक आणि दाट, पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचा बहर आला की संध्याकाळी गल्लीला कळतं. हिचा दोष एकच, घाई असणाऱ्याला ती पुरत नाही. आणि सारखी कापून चौकोनी केली तर फुलं येत नाहीत, तेव्हा वर्षातून एकदा बहर सरल्यावर कापा. सावलीची जागा असेल, दोन इमारतींच्या मधली वगैरे, तर पुत्रंजीवा बघा. हे आपल्या रानातलं झाड, गर्द आणि खाली लवणाऱ्या फांद्यांचं. रोपवाटिकेत पुढे मांडलेलं नसतं, मागून मागावं लागतं. बकुळ काही जण सुचवतील. बकुळीवर माझं प्रेम आहे, पण लहान आवारात ती आपल्या नातवंडांच्या काळात अडचण होते.

बांबूबद्दल लोकांत भीती आहे की तो पसरतो आणि फरशा फोडतो. फरशीखालून दूरवर धावणारे बांबू मुख्यतः थंड प्रदेशांतले. आपल्याकडचे बहुतेक बांबू बेटाने वाढतात. पण बेटही दरवर्षी घेर वाढवतंच, त्यामुळे पिवळ्या जाड बांबूचं बेट रो-हाउसच्या मागे लावणं म्हणजे दहा वर्षांनी मागचं दार विसरणं. बारीक काडीचा कुंपणाचा बांबू घ्या, तो १०-१२ फुटांत मावतो. तळकोकणात बांधावर लावतात तो माणगा काटे नसलेला आणि सरळ आहे, थोडी जास्त जागा असेल तर उत्तम. दर हिवाळ्यात तीन वर्षांहून जुन्या काठ्या बुडातून काढून टाका आणि बाहेर येणारे कोंब पावसाळ्यात मोडा, एवढी शिस्त ठेवली तर बांबू त्रास देत नाही. पाचोळा मात्र रोज पडेल. पन्हळात, शेजाऱ्यांच्या गच्चीवर, सगळीकडे.

आता कशाला हात लावू नये ते स्पष्ट सांगतो. कोनोकार्पस. रोपवाटिकेत हे सगळ्यात स्वस्त, सगळ्यात हिरवंगार, आणि विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो की वर्षा-दीड वर्षात भिंत होईल. होतेही. गुजरात सरकारने २०२३ साली याची लागवड वनक्षेत्रात आणि वनाबाहेरही बंद केली. हिवाळ्यात उडणाऱ्या परागांचा संबंध सर्दी-खोकला आणि दम्याशी लावला गेला, आणि मुळांनी केबल आणि गटारं उखडल्याच्या तक्रारी होत्या. ज्या घरात दम्याचं माणूस आहे तिथे तर हे झाड खिडकीशी लावणं शुद्ध वेडेपणा. दुसरा फायकस. कुंडीत तो साधुसंत, जमिनीत गेला की वड-पिंपळाचा भाऊबंद आहे हे आठवतं त्याला. सप्तपर्णीही टाळा. तिचा पसारा रस्त्याच्या कडेचा आहे आणि ऑक्टोबरमधला तिचा वास काहींना सहन होत नाही. कण्हेर आणि बिट्टी उन्हाला बहाद्दर, पण दोन्ही विषारी. घरात रांगतं मूल किंवा दारात शेळी असेल तर नकोच.

एकाच जातीची रांग लावू नका हेही इथेच सांगतो. एक झाड मेलं की रांगेत खिंडार पडतं, आणि त्याच उंचीचं दुसरं झाड कुठेच मिळत नाही. दोन-तीन जाती मिसळल्या तर मधली एखादी गेली तरी शेजारची पसरून जागा भरते.

रोप घेताना उंच घ्यायचा मोह होतो. १२ फुटांचं रोप ट्रकमधून आणून उभं केलं की त्याच दिवशी आडोसा! पण मोठं रोप नव्या जागी रुजायला वर्ष-दीड वर्ष घेतं, बरीच मरतात. ३ ते ५ फुटांचं तरणं रोप पुढच्या काही वर्षांत त्याला गाठतं. पिशवीच्या तळाशी बघा. मुळं गोलगोल गुंडाळलेली असतील तर ते रोप पिशवीत म्हातारं झालंय. आंध्रातल्या कडियमहून आलेल्या बऱ्याच रोपांना चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच खड्ड्यात ठेवला तर मुळं गोळ्यातच राहतात आणि बाहेरच्या मातीत पाणी घातलं तरी आत कोरडं राहतं. बादलीत थोडा वेळ बुडवून गोळ्याची बाहेरची माती हलक्या हाताने मोकळी करा, मग लावा.

खड्डा २ फूट लांब, रुंद आणि खोल. नव्या वसाहतीत खणलं की माती लागतच नाही. विटांचे तुकडे, प्लास्टर, टाइल्सचे कपचे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, असा बांधकामाचा सगळा इतिहास वर येतो. त्यातला चुना-सिमेंट झाडाची पानं पिवळी पाडतो. ते सगळं काढून बाहेर टाका, त्यावरच माती लोटू नका. निम्मी चांगली माती, उरलेल्यात मुरलेलं शेणखत आणि थोडा बारीक मुरूम, मूठभर निंबोळी पेंड. मृगाचा पाऊस लागून जमीन आत भिजली की लावा. कोकणात मात्र धो-धो पावसात लावलेलं रोप खड्ड्यातच कुजतं, तिथे आधीच्या सरींवर किंवा श्रावणात उघडीप मिळाल्यावर.

पहिले दोन उन्हाळे हीच खरी परीक्षा. रोज पाइपने पानं भिजवणं म्हणजे पाणी घालणं नव्हे. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक रोपाला १०-१५ लिटर, सावकाश. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांत हे जड जातं हे मला ठाऊक आहे. म्हणून तर दोन झाडं म्हणतोय, बारा नाही. बुडाशी सच्छिद्र मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवा. ते मुळांशी झिरपत राहतं आणि निम्म्या पाण्यात भागतं. पाचोळा जाळू नका, तोच बुडाशी पसरा. आणि झाडाभोवती फरशी बसवताना निदान हातभर गोल जागा उघडी सोडा. गवंडी सोडत नाहीत, समोर उभं राहून सोडवून घ्यावी लागते.

खड्डा खणण्याआधी मात्र शेजारी जाऊन या. चहाला म्हणून जा. "काकू, आम्ही भिंतीशी कोकमाची दोन झाडं लावतोय. तुमच्या स्वयंपाकघरातला उजेड कमी नाही ना होणार?" एवढंच. तुमच्या बाल्कनीतून आमचं सगळं दिसतं हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळा. बाल्कनीत उभं असलेलं माणूस बहुधा फोनवर असतं किंवा कपडे वाळत घालत असतं, आणि तुमच्या ओट्यावरून त्याचं घरही तेवढंच दिसत असतं. आडोसा दोघांच्याही सोयीचा आहे हे त्यांना उमगलं की पन्हळातला पाचोळा ते मनावर घेत नाहीत. गावाकडे बांधावरून पिढ्या कोर्टात गेल्या, शहरात कुंपणावरून जातात. इंग्लंडातही हेच झालं. तिथे लेलँडी नावाचं एक संकरित सूचिपर्णी झाड आहे. वेल्समधल्या लेटन हॉल इथे १८८८ साली त्याचा संकर झाला. ते वर्षाला दोन-तीन फूट वाढतं, आणि त्याच्या उंच रांगांवरून शेजाऱ्यांत इतके तंटे झाले की २००३ साली उंच कुंपणांसाठी कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली. २ मीटरहून उंच सदाहरित कुंपणाबद्दल तिथे नगरपालिकेकडे तक्रार करता येते.

आपला कायदा वेगळ्या बाजूने येतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे शहरी भागात झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. जमीन तुमची, रोप तुमच्या पैशाचं, पाणी तुम्ही घातलेलं, तरीही. लावताना कुणी विचारत नाही, काढताना अर्ज करावा लागतो. म्हणूनच लावण्याआधी काठीने मोजायचं.

ज्यांच्याकडे अशोकांची जुनी रांग आधीच आहे त्यांनी काय करावं? एकदम शेंडे उडवू नका, सगळी तोडायचीही गरज नाही. कुठलं झाड खरोखर खिडकी झाकतंय ते खुर्चीत बसून बघा आणि त्याच्यावर खडूने खूण करा. उरलेल्यांपैकी एकाआड एक काढण्यासाठी अर्ज द्या. प्रत्येक झाडाचा बुंध्यापासून एक आणि दुरून एक असा फोटो, बुंध्याचा घेर, आणि भिंत तडकली असेल किंवा तार जवळ असेल तर त्याचाही फोटो जोडा. खालच्या फांद्या झडून नुसते खांब उरले असतील तर त्यांच्या पुढ्यात, तुमच्या बाजूने, कुंती किंवा दालचिनी आत्ताच लावून ठेवा. उद्यान विभागाचा माणूस पाहणीला येईल, बदल्यात नवी झाडं लावायला सांगेल. ती आधीच लावलेली दाखवता आली तर काम सोपं होतं. अर्ज हिवाळ्यात करा, म्हणजे परवानगी हातात येऊन काम उरकेपर्यंत वळवाचे वारे सुरू झालेले नसतील.